'ड्युनामिस' : सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

शब्दाचा अर्थ त्याच्या वंशजांवरून ठरवू जाणे किती फसवे असते, याचे 'ड्युनामिस' हा ग्रीक शब्द बोलके उदाहरण आहे. 'नव्या करारा'त ईश्वरी सामर्थ्यासाठी तो वारंवार योजलेला आहे. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये आपल्या स्फोटकाला 'डायनामाइट' हे नाव दिले, ते याच शब्दावरून. पुढे अनेक प्रवचनकारांनी हा क्रमच उलटा केला आणि ईश्वरी सामर्थ्य म्हणजे जणू सुरुंगाचा स्फोट, असे सांगण्याचा प्रघात पडला. सुटा शब्द घेऊन त्यातून धर्मविचार उभारण्याच्या पद्धतीवर जेम्स बार यांनी १९६१ मध्येच कठोर टीका केली होती. अर्थ वाक्यात शोधावा, असा त्यांचा आग्रह होता.

तो येथे पाळून पाहावा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला स्पर्श करते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तिचा स्पर्शही विटाळाचा. आपल्यातून 'ड्युनामिस' निघाल्याचे येशूला जाणवते. कोणी स्पर्श केला, हे मात्र त्याला विचारावे लागते. लोक तर चोहोकडून त्याला चेपत असतात. स्फोट जवळच्या कोणालाच वगळत नाही. येथे एवढ्या गर्दीत ते सामर्थ्य एकीलाच लाभते, आणि तिच्या विश्वासाने ती बरी झाली, असे येशू म्हणतो.

लगेच पुढच्या अध्यायात येशू स्वतःच्या गावी येतो. तेथे, थोड्या रोग्यांना बरे करण्यापलीकडे, त्याला एकही 'ड्युनामिस' करता येत नाही. मूळ ग्रीक वाक्यात 'करता येणे' हे क्रियापद आणि 'ड्युनामिस' हे नाम एकाच धातूचे आहेत. 'चमत्कार' किंवा 'महत्कृत्य' हा प्रतिशब्द घेतला की हा अनुबंध मराठीत तुटतो. 'सामर्थ्याचे एकही कृत्य करण्यास तो तेथे समर्थ ठरला नाही' अशी काहीशी जड रचना केली, तरच त्या विधानातील धक्का जाणवतो. हे सामर्थ्य घेणाऱ्यावाचून अपुरे राहते, असे मार्क सुचवीत आहे.

आपल्या साहित्यशास्त्राला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. व्यंजना ही शब्दाची शक्ती खरी, परंतु सहृदयावाचून तिला सिद्धी नाही. श्रद्धा आणि रसिकता या अर्थातच एक नव्हेत; तरी दोन्ही ठिकाणी शक्ती ही एकट्याची मालमत्ता नसून दोघांमधील व्यवहार आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल याही पुढे जातो. देहातील काटा दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. दुर्बलतेतच 'ड्युनामिस' पूर्णत्वाला जाते, एवढे उत्तर त्याला मिळाले. सुरुंगाच्या उपमेत त्या काट्याला जागा नाही. ज्यांचे दुखणे बरे होत नाही, अशा वाचकांपासून ती उपमा हा शब्दच हिरावून घेते.