एकच होडी

आपल्या मराठी विभागात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर कुणी लिहीतच नाही, अशी संपादकांची तक्रार होती. म्हणून हा प्रपंच. मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा भाषेची थोडी खिचडी होणारच, चालवून घ्या!

खेळाचं नाव कनू स्लालम. छोट्याशा होडीत गुडघे टेकून बसायचं, हातात एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं, आणि खवळलेल्या पाण्यातून टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून जायचं. हिरव्या-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाबरोबर, लाल-पांढऱ्या जोडीतून प्रवाहाच्या उलट. खांबाला नुसता स्पर्श झाला की २ सेकंद दंड. गेट चुकवलं तर ५० सेकंद, म्हणजे खेळ खल्लास.

आता इंजिनियर मंडळींसाठी खाऊ. लंडन ऑलिंपिकसाठी ली व्हॅलीला कृत्रिम नदीच बांधली होती. लांबी ३०० मीटर, उतार साडेपाच मीटर, आणि दर सेकंदाला १३ घनमीटर पाणी पंपाने वर चढवायचं. फ्लुइड मेकॅनिक्सचं सूत्र घालून बघा. पंपाची एफिशियन्सी न धरताच ७०० किलोवॅट येतात! आणि त्या पाण्यात एक माणूस गुडघ्यांवर.

त्या नदीवर २०१२ साली जिंकला टोनी एस्तांगे. जन्म १९७८, गाव फ्रान्सच्या दक्षिणेकडचं, पिरेनीज डोंगराजवळचं पो. त्याचा थोरला भाऊ पात्रीस याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ब्राँझ मिळवलं होतं. पुढचं ऑलिंपिक २००० चं, सिडनीचं.  निवड स्पर्धेत धाकट्याने थोरल्याला हरवलं, सिडनीला गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्या घरात तेव्हा जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल हो?

२००४ ला अथेन्समध्ये त्याच्यासमोर होता स्लोव्हाकियाचा मिखाल मार्टिकान. आधी मार्टिकानच जिंकला असं वाटलं, पण त्याला २ सेकंदांचा दंड झाला आणि टोनी फक्त ०.१२ सेकंदाने पुढे गेला. २००८ ला बीजिंगमध्ये टोनी फ्रान्सचा ध्वज घेऊन चालला आणि सेमीफायनललाच बाहेर पडला. सुवर्ण मार्टिकानला. कुणीही म्हटलं असतं, दोन सुवर्णं झाली, आता पुरे. पण हा पठ्ठ्या २००९ आणि २०१० ला जगज्जेता झाला.

मग लंडनसाठी नियम असा की या प्रकारात एका देशाची एकच होडी! फ्रान्समध्येच त्याच्यासमोर २०११ चा जगज्जेता डेनिस गार्गो शानू होता. टोनी निवडला गेला आणि ३४ व्या वर्षी तिसरं सुवर्ण. घरी राहिलेल्या गार्गोचं काय झालं? तो २०१६ ला रिओला गेला आणि सुवर्णपदक जिंकला!

हे सगळं मी इतकं शोधून का वाचलं, ते सांगते. आमच्या ब्रँचमधून एका कंपनीला इंटर्नशिपसाठी एकच जण हवाय. शेवटच्या यादीत दोन नावं उरलीत, माझं आणि माझ्या रूममेटचं. दोन वर्षं जिच्या नोट्सवर मी पास होतेय आणि जिला रात्री दोनला मॅगी करून देतेय, तिच्याशी गेले चार दिवस फक्त "लाइट बंद करू का?" एवढंच बोलणं. स्टायपेंडची गरज दोघींनाही आहे, दोघींच्या घरी वाट बघतायत. "तुला मिळो" असं मनापासून म्हणवत नाही आणि "मला मिळो" हे तिच्यासमोर म्हणवत नाही.

टोनीने भावासाठी वल्हं हळू मारलं नाही. मारलं असतं, तर तो पात्रीसचाच अपमान झाला असता, असं मला वाटतं. काल रात्री हेच तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू पण हळू मारू नकोस." नंतर तीन वाजेपर्यंत एकमेकींचा मॉक इंटरव्ह्यू घेतला.

टोनी पुढे पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा अध्यक्ष झाला. तिथे त्याच्याच प्रकारात निकोलस जेस्टाँ या फ्रेंच खेळाडूने सुवर्ण जिंकलं.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमचा निकाल लागलेला असेल. होडीत कोण बसलं ते नोटीस बोर्डावर दिसेलच. त्या रात्री मेसला मात्र दोघी एकत्रच जाणार आहोत, एवढं नक्की ठरलंय.