गेलेला रिषभ

"पुरावर रचना केलीत, आणि तीही तिलंगात?"

2005 च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, डोंबिवलीतल्या एका शाळेच्या सभागृहात मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे गृहस्थ जाणकार होते, पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं. मी क्लॅरोनेट हातात धरून उभा राहिलो आणि काहीही बोललो नाही. ते न बोलणं मला आजही खुपतं.

आमची बँड पार्टी कल्याणची, वडिलांनी उभी केलेली. त्यांच्यानंतर मी मास्तर झालो. लग्नसराई, गणपती आणि मधल्या काळात जे मिळेल ते, असं आमचं वर्ष. आषाढ लागला की लग्नं थांबतात, मग वाद्यं पुसून, तेल घालून पेट्यांत ठेवायची आणि गणपतीची वाट पाहायची. त्या वर्षी पेट्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या. वालधुनी नदीपासून शंभर पावलांवर.

26 जुलैचा पूर सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला 73. मुंबईची गोष्ट खूपदा सांगितली जाते, आमच्याकडची कमी. वालधुनी मलंगगडाच्या बाजूने येते, अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराजवळून, उल्हासनगरातून वाहत कल्याणला उल्हास नदीला मिळते. उल्हासच चढलेली असली, त्यात खाडीला भरती असली, की वालधुनीला पुढे जायला वाट राहत नाही आणि ती मागे फुगते. त्या रात्री ती आमच्या खोलीत छातीपर्यंत फुगली. माणसं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. महाराष्ट्रात हजाराहून जास्त माणसं गेली. आमची फक्त वाद्यं गेली, त्यामुळे रडायचीही लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी पेट्या उघडल्या. ढोल फुगले होते. लाकडी क्लॅरोनेटचे सांधे असे आवळले होते की सुटेनात, पॅड भिजून कणकेसारखी झाली होती. एका पोराने घाईने दोन क्लॅरोनेट उन्हात ठेवली आणि दोन्हींना चीर गेली. (कुणाकडे लाकडी वाद्य असेल तर भिजल्यावर कधीही उन्हात ठेवू नका. सावलीत, फडक्यात गुंडाळून, हळूहळू सुकवा. आणि पाऊस लागायच्या आधी पेट्या माळ्यावर चढवा, घरातली माणसं कितीही हसली तरी.) पितळी वाद्यांत गाळ बसला होता. युफोनियमच्या तोंडातून बादलीभर चिखल निघाला. पंचनाम्याला आलेल्या माणसाने ते सगळं "घरगुती भांडी" या सदरात लिहिलं. मी दोनदा सांगितलं की ही वाद्यं आहेत, आमची रोजीरोटी आहे. त्याने दोन्ही वेळा मान हलवली आणि पान उलटलं.

गणपती 7 सप्टेंबरला होते. भाड्याची वाद्यं आणून आम्ही वेळ निभावून नेली. अनंत चतुर्दशी झाली, दुर्गाडीच्या विसर्जन घाटावरून परतलो आणि दुसऱ्या दिवशी वाद्यं परत केली. आमची म्हणून उरली होती एक युफोनियम, एक एबोनाइटचं क्लॅरोनेट, एक साइड ड्रम आणि दोन कॉर्नेट. या दोन्ही कॉर्नेटचा तिसरा पिस्टन वरच अडकलेला. रॉकेल घातलं, गरम पाण्यात ठेवले, लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. पहिले दोन पिस्टन मोकळे झाले, तिसरा नाही.

डोंबिवलीचा तो कार्यक्रम पूरग्रस्तांच्या मदतीसाठी होता आणि आयोजकांनी आमच्याकडून काहीतरी नवं मागितलं होतं. मी ठरवलं, पुरावरच रचना करायची. पहिला विचार अर्थातच पावसाच्या रागाचा, मेघाचा. दुसरा मियाँ मल्हाराचा. कुणीही तेच केलं असतं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण माझं सगळं भांडण याच जागेवर आहे. कॉर्नेटच्या खालच्या उघड्या (पिस्टन न दाबता निघणाऱ्या) सुराला षड्ज धरला, तर त्याच्या लगेच वरचे तीन स्वर तिसरा पिस्टन दाबल्याशिवाय निघत नाहीत: कोमल रिषभ, शुद्ध रिषभ, कोमल गंधार. खालचा मंद्र पंचमही नाही. म्हणजे मेघातला रे गेला, मियाँ मल्हारातला रे आणि ग दोन्ही गेले. षड्ज वर नेऊन मध्यमावर ठेवला, तर रे मिळतो. पण मग मंद्रातला कोमल निषाद नेमका त्या अडकलेल्या पिस्टनखाली येतो. मंद्राशिवाय मेघ कसा उभा करणार? मी चार रात्री वेगवेगळे षड्ज धरून पाहिले. कॉर्नेट वाजवणारे आमचे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. चौथ्या रात्री ते म्हणाले, "मास्तर, जे निघतं ते लिहा ना."

जे निघत होतं ते मी कागदावर मांडलं. षड्ज, शुद्ध गंधार, मध्यम, पंचम, शुद्ध निषाद, कोमल निषाद. धैवतही निघत होता, पण तो सोडून दिला तर समोर सरळ तिलंग उभा होता. रे आणि ध वर्ज्य, चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल. ठुमरी गाणारे कधीकधी तिलंगात रेचा हलका स्पर्श घेतात. आमच्याकडे तेवढाही रे नव्हता. वालधुनीने नेला होता.

मग एक गोष्ट सुचली, जिचा मला अजूनही अभिमान आहे. जिथे जिथे मनात रे येत होता, तिथे कॉर्नेटवाल्यांनी ओठ सैल सोडायचे आणि नळीतून नुसती हवा फुंकायची. सूर नाही, फक्त श्वास. युफोनियमनेही तेच करायचं. तिघांचा श्वास एकदम गेला की रात्रीच्या अंधारात जिन्यावरून ऐकू येणाऱ्या पाण्यासारखा आवाज व्हायचा. पहिल्या तालमीत काकांनी कॉर्नेट खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती.

सात मिनिटांची रचना झाली. लोकांनी मन लावून ऐकली. आणि मग तो प्रश्न आला. तिलंग म्हणजे शृंगाराचा, हलकाफुलका राग; दुःखाच्या प्रसंगी मेघ का नाही निवडला?

उत्तर एका वाक्याचं होतं: आमच्याकडे रे नाही. पण सभागृहात निम्मी माणसं आमच्या गिऱ्हाइकांपैकी होती. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं होतं, सुपाऱ्या ठरायचे दिवस. बँडची वाद्यं मोडकी आहेत असं एकदा बाहेर पडलं की कोण विसार देतो? आठ घरं त्या सुपाऱ्यांवर चालतात. म्हणून मी गप्प बसलो. ते गृहस्थ जरा हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बँडवाल्यांना रागाचं काय." ते काकांनी ऐकलं. मी ऐकलं, हे काकांनी पाहिलं.

मला राग त्या गृहस्थांचा नाही. बँडमध्ये वाजवणारा माणूस रागाचा विचार करत असेल, हे कुणी गृहीतच धरत नाही, याचा आहे. आमची पोरं लग्नात सिनेमाची गाणी वाजवतात म्हणून त्यांना वाचता-लिहिता येत नाही असं नाही. नोटेशन वाचणारे, षड्ज बदलून जागच्या जागी वाजवणारे लोक मी घडवले आहेत. शाळांनी संगीताच्या तासाला एकदा तरी बँडच्या मास्तरांना बोलवावं, हे माझं जुनं म्हणणं आहे.

आमच्या पुरानंतर महिन्याभराने, 29 ऑगस्टला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सवर कॅटरिना वादळ आलं. ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या आईचं घर त्यात गेलं, आणि 2007 मध्ये त्यांनी कॅटरिनावर एक पूर्ण संगीतकृती केली. मला हे फार नंतर कळलं. त्या शहरात प्रेतयात्रेतही ब्रास बँड असतो. जाताना संथ वाजवतात, परतताना नाचतं. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपला तिलंग चुकला नव्हता.

पण मग हेही सांगायला हवं. पुराच्या पुढच्या वर्षी मेरठहून, जाली कोठीच्या वाद्यबाजारातून, नवे कॉर्नेट आले, तिन्ही पिस्टन लोण्यासारखे. मी हट्टाने तीच रचना मेघात पुन्हा लिहिली. पहिला रे लागला तेव्हा अंगावर काटा आला. मंद्रातून निषाद वर येताना जे वजन होतं, ते तिलंगात नव्हतंच. त्या रात्री मला वाटलं की गृहस्थ बरोबर होते. आजही अर्धा वेळ तसंच वाटतं. काकांनी मात्र मेघ वाजवताना सवयीने रेच्या जागी दोनदा ओठ सैल सोडले.

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, त्या दिवशी वालधुनी पुन्हा आमच्या पायरीशी आली होती. पेट्या जूनमध्येच माळ्यावर गेल्या होत्या. काका तोवर राहिले नव्हते. त्यांचा जुना कॉर्नेट मी सगळ्यात वर, खिडकीच्या उंचीच्याही वर ठेवला होता. मेरठला पाठवला तर तिसरा पिस्टन निघेल, असं मुलगा म्हणतो. मी अजून पाठवलेला नाही.