वर्दी उतरवून आलेलं पोर

मैत्रिणींनो, मुलगा सैन्यात भरती झाला म्हणजे काय होतं, हे सातारा-कोल्हापूरकडच्या बायांना मी सांगायला नको. चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, गल्लीतल्या बायका निरांजन घेऊन दारात येतात. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले.

पण भरती झालेला मुलगा ट्रेनिंग पुरं व्हायच्या आतच परत आला तर? लोणच्याला बुरशी धरली तर काय करावं हे आपल्या या पानांत सापडतं, ह्या दुखण्यावरचा उपाय मात्र मला कुठं वाचायला मिळाला नाही. म्हणून आम्ही काय केलं ते लिहिते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचा धाकटा २०२४ साली अग्निवीर झाला. त्याआधी दोन वर्षं पहाटे चारला उठून पळत होता. अकादमीची फी मी बचत गटातून कर्ज काढून भरली होती. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३० हजार धरतात, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात आणि २१ हजार हाती पडतात. त्यातून तो गटाचा हप्ता नेमानं पाठवायचा. चौथ्या महिन्यात त्याची नडगी दुखायला लागली. उस्ताद कामचुकार म्हणतील या भीतीनं पोरानं आठवडाभर तोंड उघडलं नाही. पुढं तपासणीत निघालं, स्ट्रेस फ्रॅक्चर.

पडल्या-झडल्यानं हाड मोडतं तसं हे नव्हे. रोज पळून, बूट आपटून, पाठीवर वजन घेऊन हाडावर सारखा ताण येतो, भरून यायला सवड मिळत नाही आणि बारीक चीर पडते. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतही नाही, एमआरआयमध्ये कळते. जगभरच्या लष्करांत रंगरुटांना ही दुखापत होते. आमच्याकडे विश्रांतीनं पाय बरा झाला, पोरगा परेडला लागला आणि तीच नडगी पुन्हा गेली. मग दवाखाना, मेडिकल बोर्ड, आणि एक दिवस काळी ट्रंक घेऊन स्वारी एस. टी. स्टँडवर.

पहिली गोष्ट आम्ही ठरवली ती म्हणजे लोकांना काय सांगायचं. सासूबाई म्हणाल्या, “सुट्टीवर आलाय म्हणा गं.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण सुट्टी किती दिवस पुरणार? शिवाय आपणच लपवालपवी केली, की पोराला वाटतं आपण खरंच काही काळं केलंय. ह्यांनी त्यालाच विचारलं, “तूच सांग, आम्ही काय सांगू?” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पायाचं हाड गेलं, डॉक्टरांनी परत पाठवलं. एवढंच सांगा.” तेच वाक्य घरातल्या सगळ्यांनी धरलं. पुढं कुणी खोदून विचारलं, तर “चहा घ्या” म्हणायचं. हे खूप कामाला आलं.

दुसरी गोष्ट, कागद. डिस्चार्ज वेगळा आणि डिसमिसल वेगळं, हे आधी नीट समजून घ्या. डिसमिसल ही शिक्षा असते. कसम परेड व्हायच्या आधी रंगरुटाला आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ खाली घरी पाठवता येतं. एखाद्याच्या कागदावर ‘कार्यक्षम जवान होण्याची शक्यता कमी’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो. वाचून धसका बसतो खरा, पण तो गुन्ह्याचा शेरा नव्हे. आजारपणानं आलेल्याच्या बोर्डाच्या कागदात दुखणं नोकरीमुळं झालं की नाही हे लिहिलेलं असतं. भरपाईचा विचार त्यावर आणि अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतो. म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर दाद मागता येते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईलाही आहे. आणि हे आपल्याच घरात घडलं असंही समजू नका. अधिकारी व्हायला गेलेले, प्रशिक्षणात जायबंदी होऊन परतलेले कॅडेट देशात कितीतरी आहेत. त्यांच्या हालांची दखल ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपणहून घेतली.

तिसरी गोष्ट, पाय. आमच्याकडे लगेच एक जण तेल लावून रगडायला आले. मी हात जोडून परत पाठवलं. चिरलेल्या हाडाला रगडणं नको असतं, विश्रांती लागते. डॉक्टर सांगेपर्यंत पळणंही बंद. नाचणीची भाकरी, दूध, अंडी, डाळी मी वाढत होते आणि सकाळी उन्हात बसवत होते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं होतं, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या.

पायापेक्षा मनाचं अवघड होतं. पहाटे चारला जाग यायची आणि करायला काहीच नसायचं. अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालायचा आणि त्यावरच बसून राहायचा. ह्यांना बोलून दाखवता येत नाही. त्यांनी काय केलं, रोज पहाटे त्याला बरोबर घेऊन गोठ्यात जायला लागले. धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, परत यायचं. महिनाभर दोघं त्या वाटेवर ढोरांखेरीज कशावर बोलले नसतील. एके दिवशी मात्र पोरानं विचारलं, “आबा, तुमची मान खाली गेली का?” हे म्हणाले, “नाही. माझं पोरगं लंगडत आलं, याचंच मला वाईट वाटतं.” हे मला त्यानं रात्री भाकरी खाताना सांगितलं, आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

मैत्रिणींनो, मुलगा जेवत नाही, झोपत नाही, दार लावून बसतो, ‘माझा काय उपयोग’ असं बोलतो, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे. रात्री-अपरात्रीही लागतो आणि पैसे पडत नाहीत.

राहिला गटाचा हप्ता. तो मी शिवणावर फेडते आहे. त्याबद्दल त्याच्यासमोर मी बोलत नाही, तसं लपवतही नाही. वही फळीवर उघडी असते. पाय बरा झाल्यावर तो स्वतःहून आयटीआयची चौकशी करून आला. जमेल की नाही कुणास ठाऊक. भरतीच्या दिवसांत मैदानावर पोरं पळताना दिसली, की अजून तो वाट बदलून जातो. जाऊ दे. आम्ही घाई करत नाही.

एक विनंती तुम्हा सगळ्यांना. जाताना पोराला पोचवायला आपण सारी गल्ली स्टँडवर जातो, परत आलेल्याकडे मात्र पडद्याआडून बघतो. तुमच्या शेजारी असा कुणी आला, तर “काय झालं रे?” असं विचारू नका. “ये, जेवून जा,” म्हणा आणि इतर मुलांना वाढता तसंच त्यालाही वाढा.