शेवटचा संपर्क : 45 दिवसांपूर्वी

2022च्या उन्हाळ्यात माझ्या ताब्यात 411 टॅब्लेट आणि 38 लॅपटॉप होते. त्यातलं एकही यंत्र माझ्या घरात नव्हतं. मी पुण्यात एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि ती सगळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांमध्ये. माझ्यासमोर होता फक्त एक डॅशबोर्ड. हिरवा ठिपका म्हणजे टॅब्लेट ऑनलाइन, करडा म्हणजे ऑफलाइन, लाल म्हणजे काहीतरी गडबड.

या कामाला एमडीएम म्हणतात, मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट. ऑफिसने दिलेल्या फोनवर कॅमेरा बंद किंवा यूट्यूब गायब असं काही दिसलं असेल, तर तुमच्याही फोनच्या मागे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला आहे. नवा टॅब्लेट सुरू केला की पहिल्याच स्क्रीनवर एका जागी सहा वेळा टॅप करायचं. क्यूआर स्कॅनर उघडतो, आमचा कोड दाखवायचा, झालं. त्यानंतर त्या टॅब्लेटवर कुठलं ॲप असेल, कुठलं नसेल, तो कधी लॉक होईल, हे आम्ही ठरवतो. आमच्या त्या ॲपला अँड्रॉइडच्या भाषेत चक्क ‘डिव्हाइस ओनर’ म्हणतात. टॅब्लेट मुलाच्या हातात, ओनर पुण्यात. तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं.

हा प्रोजेक्ट मी मागून घेतला होता. मी मूलचा. व्याहाडवरून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली, तासाभराचा रस्ता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982ला, पण माझे आजोबा शेवटपर्यंत दोन्हीला मिळून ‘चांदा’च म्हणायचे. त्यामुळे टीममध्ये ‘तिकडचा माणूस’ मीच. खरं सांगायचं तर गडचिरोली शहराच्या दक्षिणेला मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. इंजिनियरिंगला नागपूर, नोकरीला पुणे. आमच्याकडच्या पोरांचा रस्ता पश्चिमेलाच जातो.

फेब्रुवारीत वाटपासाठी गेलो तेव्हा पहिल्यांदा सगळं पाहिलं. दक्षिणेकडच्या एका तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत, मुलं बहुतेक माडिया. त्या शाळेला 22 टॅब्लेट. छतावर सोलर पॅनल, आणि नेटवर्क दोन किलोमीटरवर एका मोहाच्या झाडाखाली, तेही वारा चांगला असला तर. सर पन्नाशी ओलांडलेले, मूळचे धानोरा तालुक्यातले. पंधरा दिवसांतून एकदा ते टॅब्लेट गोणीत घालून मोटरसायकलवर तालुक्याला न्यायचे आणि सिंक करून आणायचे. मी त्यांना बॅटरीबद्दल तासभर सांगितलं. लिथियमची बॅटरी उन्हात फुगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 46च्या पुढे जातो. पूर्ण भरून कपाटात ठेवू नका, पूर्ण उतरूही देऊ नका, पन्नास टक्क्यांच्या आसपास असू द्या. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. आयटीतल्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मी कुणाला असं लिहून घेताना पाहिलेलं नाही.

आम्ही टॅब्लेटमध्ये पाठ्यपुस्तकं, व्हिडिओ, गणिताचे खेळ भरले होते. सगळं मराठीत. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते रेकॉर्डरचं ॲप, जे आम्ही काढायला विसरलो होतो. सरांनी मग एक उद्योग काढला. घरी जा, आजी-आजोबांच्या माडियातल्या गोष्टी रेकॉर्ड करा, 15 ऑगस्टला सगळ्या गावाला ऐकवू. स्वातंत्र्याचं पंचाहत्तरावं वर्ष होतं, शाळेला काहीतरी वेगळं करायचंच होतं. हे मला नंतर कळलं. डॅशबोर्डवर फक्त स्टोरेज भरत गेलेलं दिसत होतं.

आता चूक सांगतो. प्रत्येक टॅब्लेटवर एक पॉलिसी असते, म्हणजे नियमांची फाइल. आमची फाइल एका शहरी प्रोजेक्टमधून कॉपी केलेली होती. तिकडे टॅब्लेट शाळेतून गायब व्हायचे आणि सेकंडहँड बाजारात निघायचे. म्हणून नियम असा की 30 दिवस सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर लॉक, 45 दिवस झाला नाही तर सगळं पुसून टाका. नियम मूर्खपणाचा नव्हता. टॅब्लेटमध्ये मुलांचे फोटो असतात, नावं असतात, ते कुणा भलत्याच्या हाती लागू नयेत. पण हे घड्याळ टॅब्लेटच्या आतच चालतं. वेळ भरली की कुणी बटण दाबावं लागत नाही. नव्या प्रोजेक्टला ती पॉलिसी जोडताना ‘ॲप्लाय टू ऑल’वर क्लिक करणारा हात माझा होता.

त्या शाळेचा शेवटचा सिंक 28 जूनला झाला. जुलैमध्ये पूर आला. त्या वर्षीच्या पुराच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. नाले भरले, रस्ते तुटले, टॉवर गेले. डॅशबोर्डवर करडे ठिपके वाढत गेले. साठ, सत्तर, नव्वद. मी ते रोज बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पाऊस आहे, येतील परत. पाऊस म्हणजे काय हे मला माहीत होतं, पॉलिसीत काय लिहिलंय हेही माहीत होतं. दोन्ही एकाच डोक्यात होतं आणि सहा आठवडे एकमेकांना भेटलं नाही.

28 जुलैला टॅब्लेट लॉक झाले. स्क्रीनवर मेसेज आला, हे उपकरण संस्थेच्या मालकीचे आहे, ॲडमिनशी संपर्क साधा. खाली माझा मोबाइल नंबर. जिथे फोन लागत नाही तिथे. सरांनी टॅब्लेट कपाटात ठेवले, पण वहीत लिहिल्याप्रमाणे सोलरवर आळीपाळीने चार्ज करत राहिले. 12 ऑगस्टला चालू असलेले एकोणीस टॅब्लेट कपाटातल्या कपाटात पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी सर पायी त्या मोहाच्या झाडापर्यंत आले आणि मला फोन लावला. आवाज तुटत होता. ‘सगळे टॅब नवीन झाले जी,’ म्हणाले. मी काय बोललो आठवत नाही. आधी पॉलिसी काढली, मग इतर करडे ठिपके मोजत बसलो. बाकीच्या बहुतेक शाळांचा सिंक जुलैमध्ये कधीतरी झाला होता. त्या वाचल्या.

रस्ता सुरू झाल्यावर मी गेलो. जाताना नेमकं काय करणार होतो, माहीत नाही, कारण करण्यासारखं फार थोडं होतं. हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये साठवलेलं सगळं एन्क्रिप्टेड असतं. रीसेट झालं की आधी किल्लीच नष्ट होते, मागे उरतो तो नुसता गोंधळ. कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर तिथे चालत नाही. फक्त तीन टॅब्लेट चार्ज न झाल्यामुळे मरून पडले होते. आमचं ॲप सुरू झालं की आधी सर्व्हरला विचारतं, उत्तर नाही आलं तरच घड्याळ बघतं. म्हणून मी सॅटेलाइट फोनएवढा जाडजूड हॉटस्पॉट आणि शाळेच्या राउटरचंच नाव-पासवर्ड घेऊन मोहाच्या झाडाखाली बसलो आणि एकेक टॅब्लेट सुरू केला. तिन्ही वाचले. त्यात होत्या शेळ्यांच्या व्हिडिओ, बरेच सेल्फी आणि एका आजोबांची अर्धी गोष्ट, जिच्यात मध्येच कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारतं.

‘कायले आले जी एवढ्या दूर?’ सर म्हणाले. ‘फोनवर सांगतलं असतं.’ मग थोडं थांबून, ‘तुम्ही म्हणले होते ना, बॅटरी झिरो होऊ द्याची नाही. मी होऊ नाही दिली.’

यावर मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला दोन दिवस सापडलं नाही.

सातवीतली एक मुलगी वर्गाच्या दाराशी उभी होती. तिने आजीच्या सहा गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, असं सरांनी सांगितलं. ती माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलली. ‘सर, मी काय दाबलं होतं?’ मी म्हणालो, तू काही नाही दाबलं, माझ्याकडून चूक झाली. तिने मान हलवली. तिला पटलं असं मला वाटलं नाही. लॉक झाला तो दिवस टॅब्लेट तिच्या हातात होता, एवढंच तिला माहीत होतं. आजीला पुन्हा सांगायला सांग, असं म्हणायचा मूर्खपणाही मी केला. आजी रोवण्याला गेलीये, ती म्हणाली.

रात्री सरांकडेच मुक्काम. जेवताना त्यांनी मेंढ्याचा विषय काढला, मेंढा (लेखा), त्यांच्या धानोरा तालुक्यातलं. आमच्या भागात हे गाव सगळ्यांना माहीत आहे. 2009मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. पण हक्क मिळाला तरी बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, तिकडे त्याला टीपी म्हणतात, आणि ते पुस्तक वनखात्याकडे. ग्रामसभा भांडत राहिली. शेवटी 27 एप्रिल 2011ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. ‘बांबू आमचा, पन बुक दुसऱ्याच्या टेबलावर,’ सर म्हणाले. ‘तसंच झालं हे तुमचं.’ त्यांना भात वाढून घ्यायचा होता, त्यांनी विषय तिथेच सोडला.

पुण्यात परतल्यावर तीन आठवडे मीटिंगा झाल्या. पुसण्याचा नियम काढा म्हटलं की चोरीचं काय, असं विचारलं जायचं, आणि ते चूक नव्हतं. शेवटी पुसणं बंद झालं, लॉक राहिला, आणि लॉक उघडायची सोय शाळेतच ठेवायची ठरली. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड असतो ना, तो इंटरनेटवरून येत नाही. एक गुपित आकडा आणि घड्याळातली वेळ, एवढ्या दोनच गोष्टींतून तो निघतो. आम्ही तसाच आठवड्याला एक कोड काढला, पुढच्या वर्षाचे 52 कोड छापले, आणि पिवळ्या पुठ्ठ्याची वही बांधून शाळांना दिली. सिक्युरिटीवाल्या सहकाऱ्याने कपाळावर हात मारला. कागदावर पासवर्ड! मी सही केली. त्यातली एक वही हरवली तर जबाबदार मीच, असं मेलवर लिहूनही दिलं.

पुढच्या पावसाळ्यातही ठिपके करडे झाले. मला एकही फोन आला नाही. नोव्हेंबरमध्ये सरांनी वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. ऑगस्टमधल्या एका कोडवर निळ्या पेनने रेघ, बाजूला तारीख, आणि त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात : टॅब क्र. 14. पोरीनंच कोड टाकला. बरोबर टाकला.