स्पेक्ट्रमला पडदा मिळेना

पनवेलच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची ही परवान्याने निघालेली भारतीय आवृत्ती. १९८०च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती काढली होती. ४८ केबी मेमरी, कीबोर्डच्या पोटातच अख्खा कॉम्प्युटर आणि पडदा म्हणून घरातलाच टीव्ही.

तिथेच घोडं अडलं. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर पाठवतो आणि मुलाच्या मॉनिटरला अँटेना लावायची सोयच नाही. हॉलमधल्या एलईडी टीव्हीला ट्यूनर होता. चॅनल शोधायला लावलं, तर मुंग्यांमधून दोनचार अक्षरं डोकावली आणि सिग्नल कच्चा म्हणून टीव्हीने पडदा निळा करून टाकला. कळ दाबली की आतून टिक मात्र ऐकू येत होतं, म्हणजे यंत्र जिवंत होतं.

गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी पत्र्याच्या डबीवर बोट ठेवलं. "हा मॉड्युलेटर. याला बगल दे, व्हिडिओ सरळ बाहेर काढ." त्यांनीच दोन डाग देऊन पिवळ्या पिनची वायर काढून दिली. मग लॅमिंग्टन रोडवरून एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी आणली आणि मॉनिटरवर चित्र उमटलं एकदाचं.

पण बघवेना. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत ६२५ रेषांचं चित्र दोन अर्ध्यांत येतं, एकेका अर्ध्यात तीनशे साडेबारा. स्पेक्ट्रम ती शेवटची अर्धी रेष गाळतो आणि दर वेळी पुरत्या ३१२ रेषा पाठवतो. ट्यूबच्या टीव्हीला त्याचं काही वाटत नाही, किरण त्याच रेषांवरून पुन्हा फिरतो. डबी मात्र लागोपाठची दोन चित्रं अर्धी समजून एकमेकांत गुंफायला जाते. अक्षरांच्या कडा थरथरतात त्या यामुळे. त्यात स्पेक्ट्रमची सेकंदाला ५० चित्रं, डबी पुढे पाठवणार ६०. सरकणारं काहीही अडखळतच जातं. शिवाय रुंद पडद्यावर ताणल्यामुळे बेसिकमध्ये काढलेलं वर्तुळ आडवं अंडं झालं! ताण तेवढा मॉनिटरच्या सेटिंगमधून घालवता आला. बाकीच्या दुखण्यांवर चांगले स्केलर मिळतात, पण त्यांच्या किमती ऐकून मी गप्प बसलो.

शेवटी काकांनी दुकानाच्या कोपऱ्यातला १४ इंची ठोकळा टीव्ही दिला. पिवळी पिन खोचली आणि चित्र पहिल्या झटक्यात स्थिर. माझ्या मते या पिढीच्या यंत्रांना ट्यूबच हवी. बाकी सगळी मलमपट्टी.

म्हणून तुमच्याकडे चालता ठोकळा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एव्हीची पिवळी पिन आहे का बघा आणि असेल तर राहू द्या. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. टीव्ही बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.