सरासरी, चाल आणि वेग

वकिलाकडे लोक जमिनीचा उतारा घेऊन येतात, नोटीस घेऊन येतात. शेजारची नववीतील मुलगी मात्र आमच्याकडे विज्ञानाची उत्तरपत्रिका घेऊन आली. प्रश्न असा होता : ‘एक मोटार बेळगावहून 120 किलोमीटरवरील गावी ताशी 60 किलोमीटरने गेली व त्याच रस्त्याने ताशी 40 किलोमीटरने परत आली. संपूर्ण प्रवासातील तिचा सरासरी वेग काढा.’ मुलीने उत्तर लिहिले होते ‘शून्य’, आणि तिला गुणही तेवढेच मिळाले होते.

आम्ही मनात 50 हे उत्तर धरून ठेवले होते, हे येथे कबूल करावयास हवे. साठ आणि चाळीस मिळवून निम्मे केले की झाले, असे आम्हांस वाटले. मुलीने प्रथम आमचीच दुरुस्ती केली. जाताना दोन तास, येताना तीन; एकूण 240 किलोमीटर, पाच तास; म्हणून 48. मोटार सावकाश चालली तो वेळ अधिक, म्हणून सरासरी तिकडे झुकते. दोन्ही आकड्यांची नुसती सरासरी चालते, ती दोन्हींना सारखाच वेळ दिला असेल तरच. शिक्षकांच्या उत्तरसूचीतही 48 च होते.

मग शून्य कोठून आले? मुलीने पुस्तक उघडून दाखविले. एकूण कापलेले अंतर भागिले एकूण काळ, ती सरासरी चाल. विस्थापन भागिले काळ, तो सरासरी वेग. आणि विस्थापन म्हणजे आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर, दिशेसह. चोर्ला घाटाने पणजीस जाणाऱ्याच्या गाडीचा काटा एकूण एक वळण मोजतो. विस्थापनास मात्र पणजी नैर्ऋत्येस सरळ किती दूर, एवढेच पुसावयाचे असते. प्रश्नातली मोटार तर घरी परतली होती. शून्यास पाचाने भागले तरी शून्यच.

येथे ‘सरासरी’ या शब्दाकडे आमचे लक्ष गेले. तो फारसीतून आला. ‘सर’ म्हणजे डोके, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरासरी वेग खरोखरच दोन टोकांपलीकडे काही पाहत नाही. मध्ये मोटार कोठे थांबली, कोठे धावली, याची त्यास दादच नसते. ‘विस्थापन’ हा शब्दही आम्हां सीमावासीयांस जरा बोचतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा आमचे वडील जागचे हललेही नव्हते. पुस्तकाच्या हिशेबाने त्यांचे विस्थापन शून्य भरते.

शिक्षकांचा दोष आम्ही फार मोठा मानीत नाही. बोलताना आपण सारे ‘ताशी साठच्या वेगाने’ असेच म्हणतो. ‘गाडीची चाल’ कोण म्हणतो? चाल असते बैलाची, गाण्याची, बुद्धिबळातली. आणि आमच्या धंद्यात प्रतिपक्षाची. पण कायद्यात एखाद्या शब्दाची व्याख्या दिली की त्या कायद्यापुरता तो शब्द त्याच अर्थाने वाचावयाचा, व्यवहारात त्याचा अर्थ काही का असेना. पाठ्यपुस्तकासही हा नियम लागू करावयास हवा. शिवाय कन्नड पुस्तकांत हीच जोडी ‘जव’ आणि ‘वेग’ अशी येते, तर इंदूरच्या हिंदी पुस्तकांत ‘चाल’ आणि ‘वेग’ अशी. वेग तिन्हीकडे तोच. दहावीनंतर माध्यम बदलणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती एवढी एक सामाईक पुंजी आहे. ती आपणच सैल करू नये. मराठीतून शिकणारी मुलगी मराठी शब्द काटेकोर वाचते आणि म्हणूनच गुण गमावते, हे आम्हांस सोसले नाही.

आम्ही तिच्या पालकांच्या वतीने मुख्याध्यापकांस अर्ज लिहून दिला. संदिग्ध कलमाचा अर्थ मसुदा करणाराच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व त्यात घातले. 48 लिहिणाऱ्या मुलांचे गुण काढू नयेत, कारण त्यांनी प्रश्न लोकभाषेत वाचला. शून्य लिहिणारीस पूर्ण गुण द्यावेत, कारण तिने तो पुस्तकाप्रमाणे वाचला. आणि पुढील वर्षी चाल विचारावयाची असेल तेथे ‘चाल’ असेच छापावे, अशा तीन मागण्या केल्या. आमच्या 50 चा उल्लेख अर्जात केलेला नाही.