कात्रीचं वेळापत्रक

नाशिकजवळच्या दिंडोरीच्या मुरमाड रानात मी वाइनची द्राक्षं पिकवतो. युरोपातला वेल थंडीत झोपतो; आमचा बारा महिने जागा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, कडक उन्हात काडीच्या डोळ्यात घड धरतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर येतो. छाट दिल्यावर काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमतो. तो दिसला की मुळी चालू आहे, डोळे फुटतील, एवढी खात्री पटते.

पुढं सगळा भरवसा कोरड्या हवेवर. सुमारे चाळीस दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते. तेव्हा पाऊस आला तर गळ होते, डाउनीची बुरशी पानांवरून थेट घडावर उतरते. तो टळला की जानेवारीतल्या थंड रात्री कामाला येतात: दुपारी ऊन साखर चढवतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जातीची चव तिथं ठरते. खायच्या थॉमसन द्राक्षाला मणी फुगवायला जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लात, बुडवतात. वाइनला मणी लहानच हवा: त्यात रसाच्या मानानं साल जास्त, आणि सालीत रंग आणि वास जास्त असतो.

राज्याचं 2001 चं वाइन धोरण आलं तेव्हा इथं सुला ही वायनरी नुकतीच उभी राहिली होती. मग वायनऱ्या वाढल्या, आणि 2008 च्या मंदीनंतर कित्येकांनी वाइनच्या बागा उपटल्या. ज्यांनी राखल्या त्यांनी हा भाग घडवला, असं मी ठामपणे म्हणतो. इथल्या वाइनला मिळालेला भौगोलिक मानांकनाचा शिक्का त्यानंतरचा.

मध्यंतरी कर्नाटकात म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरला गेलो होतो. कावेरी-कपिलेचा संगम, कालव्याचं पाणी, भात, ऊस, तुती. कर्नाटकानं 2007 मध्ये आपलं वाइन धोरण आणलं आहे, नंदी डोंगराच्या बाजूला ग्रोव्हरच्या बागा त्याआधीपासून आहेत. इथं जमेल का, एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं. माती पाहिली, पण मनात पाऊसच होता. म्हैसूरकडं ऑक्टोबर हा भर पावसाचा महिना. आमची छाटणीची तारीख तिथं जशीच्या तशी उचलली, तर कोवळी फूट पावसात सापडेल. मी म्हटलं, कालव्यालगतची जमीन भाताला राहू दे, निचऱ्याचा उतार शोध. मागच्या दहा वर्षांचा पाऊस आठवड्यावार मांड, फुलोरा कोरड्या आठवड्यात बसव आणि तिथून चाळीस दिवस मागं मोजून कात्री लाव.